डावा गाल कोणाचा

ठाणे, ६ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

तुम्हाला फोन केला की तुम्ही "पत्र लिही" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहितोय. पोस्टमास्तरकीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी खात्याचं काम वाढवायची तुमची हौस काही फिटत नाही. पाकिटाला तिकीट सरळ लावलंय, पट्टी धरून. बघून घ्या.

दोन कामं आहेत. पहिलं दाढीचं. हसू नका.

आईची ट्रंक आवरताना बाबांचा रेझर सापडला. तोच, दांडीचं बूड फिरवलं की वरची दोन झाकणं पंखांसारखी उघडतात तो. मी तो चिंचेने घासून लख्ख केला, नवं पातं घातलं आणि गालावर ठेवला. पुढचं सांगत नाही, आईने टॉवेल फेकून दिला. इतकी वर्षं मी ते पाच पात्यांचं प्लास्टिकचं यंत्र वापरतोय आणि त्याने गळाभर लाल पुळ्या येतात. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दाढी कशी करायची हे मला कोणी शिकवलंच नाही, हॉस्टेलवरच्या पोरांचं बघून उरकायला शिकलो. आता लग्नाच्या दिवशी सकाळी बाबांच्याच रेझरने दाढी करायची असं मनाने घेतलंय. उर्वी म्हणते, भाजलेल्या वांग्यासारखं तोंड घेऊन बोहल्यावर आलास तर मी अंतरपाट काढूच देणार नाही.

तुमच्यासारखी तुळतुळीत दाढी मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. पायरी पायरीने लिहून कळवा. मी अडाणी आहे असं धरून लिहा.

दुसरं काम मोठं. लग्न ९ फेब्रुवारीला, इथेच ठाण्यात. देवकाला बाबांच्या जागी तुम्ही आणि काकूने बसायचं आहे. आईची तीच इच्छा आहे आणि माझीही. येताय ना?

तुमचा,
सलिल

रत्नागिरी, १५ ऑक्टोबर २०२४

चि. सलिल,

पाकीट चौथ्या दिवशी पोचलं. तिकीट सरळ आहे, पण पिनकोडातला तुझा एक सातासारखा दिसतो. आमचा पोस्टमन हुशार म्हणून निभावलं.

अक्षर तुझ्या काकूचं आहे. बागेच्या कुंपणाच्या गडग्यावरून उतरताना चिरा निसटला आणि माझं मनगट लचकलं, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. (गडग्यावर कधी चढले होते ते मला माहीत नाही. – कमला) कंसातलं वाचू नकोस. लेखनिकाला कंस घालायचा अधिकार नसतो.

आता दाढी. तू पायऱ्या विचारल्यास आणि मी खरोखर विचारात पडलो. सत्तावन्न वर्षं हात आपोआप चालला, काय करतो ते कधी पाहिलं नाही. शेवटी काकूला म्हटलं, रोज सकाळी जसं होतं तसं तू उतरवून काढ. तिने उतरवलंय, मी मान्य केलंय.

सकाळचं ऊन पडवीत जिथे येतं तिथे, उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसावं. कढत पाण्यात फडका बुडवून, पिळून, दोन मिनिटं तोंडावर ठेवावा. तेवढ्या वेळात बोलू नये. (हेच सगळ्यात अवघड जातं.) ब्रश भिजवून झटकावा आणि साबणाच्या वाटीत गोल गोल फिरवावा, जिवाची घाई न करता. फेस दह्यासारखा धरला पाहिजे, ताकासारखा ओघळला की पुन्हा पहिल्यापासून. फेस लावून लगेच रेझर उचलायचा नाही, खुंट नरम होऊ द्यायचे.

सुरुवात डाव्या गालापासून. डाव्या हाताने कानापाशी कातडी वर ताणावी आणि रेझर वरून खाली आणावा, त्याच्या स्वतःच्या वजनाने. दाबायचं नाही. तू दाबतोस, मला माहीत आहे, तुझा बापही दाबायचा. मग मान मागे भिंतीला टेकवावी, अंगठ्याने हनुवटी वर उचलावी आणि गळा करावा. एक लक्षात ठेव, आपल्या घराण्यात गळ्याला डावीकडे भोवरा आहे. तिथले केस कानाच्या दिशेने वाढतात, म्हणून तिथे वरून खाली यायचं नाही, कंठाकडून कानाकडे आडवं जायचं. एवढं सांभाळलंस की पुळ्या येणार नाहीत.

लग्नाचं वाचून फार बरं वाटलं. मुलीचा फोटो पाहिला. डोळे हुशार आहेत, तुला सांभाळेल. बाकी पुढच्या पत्री.

काका
(तब्येतीला जप. पत्र दोघांना उद्देशून लिहीत जा, वाचणारी मी असते. – कमला)

ठाणे, १० नोव्हेंबर २०२४

ती. काका आणि लेखनिक काकू,

फराळाचा डबा मिळाला. चकल्या आईने लपवून ठेवल्यात.

धडा पहिला गिरवला. निकाल ऐका.

फेस जमला. दह्यासारखा. मी स्वतःवर खूष होऊन पाच मिनिटं नुसता आरशात बघत उभा होतो. पुढे मात्र बोंब झाली. तुम्ही म्हणता मान मागे भिंतीला टेकवा. टेकवली. मग आरसा दिसेना, छत दिसलं. बाथरूमच्या छताला ओल आली आहे हे आम्हाला त्यामुळे कळलं, तेवढाच फायदा. तुम्ही म्हणता अंगठ्याने हनुवटी उचला. एका हातात रेझर, दुसऱ्याचा अंगठा हनुवटीखाली, तो फेसात सटकतो आणि कोपर माझ्याच तोंडासमोर येतं. तुम्ही कोपर कुठे ठेवता?

आणि डावीकडचा भोवरा. काका, मला डावीकडे काही सापडलं नाही. तरी गुरूची आज्ञा म्हणून आडवा गेलो. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा यज्ञेश म्हणाला, मांजर पाळलंस का. उर्वीने फोनवर एवढंच विचारलं की काका तुझ्यावर कशावरून रागावलेत.

मनगट कसं आहे? महिना होत आला. आणि देवकाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आई रोज विचारते.

सलिल

रत्नागिरी, २० नोव्हेंबर २०२४

चि. सलिल,

शिकवणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. आरसा हवाच कशाला? स्वतःचा चेहरा माणसाला पाठ नसावा म्हणजे कमाल झाली. मान टेकवायची, डोळे मिटायचे आणि स्वस्थ राहायचं. कोपर कुठे जातं ते मी कधी पाहिलेलं नाही.

भोवरा डावीकडेच आहे. मी इथे आत्ता काकूला पुन्हा बघायला सांगितलं. ती म्हणते, डावीकडेच. (डावीकडेच आहे. रोज बघते.) तू नीट बघत नसशील. चष्मा लावून दाढी कर.

मुकाट्याने धडा दुसरा ऐक. दाढी झाली की गार पाणी मारायचं आणि तुरटीचा खडा ओल्या गालावरून फिरवायचा. जिथे चुरचुरेल तिथे तू दाबलंस असं समजायचं, तुरटी खोटं बोलत नाही. मग कोकमाच्या तेलाचा हरभऱ्याएवढा तुकडा तळव्यावर चोळून, विरघळला की गालाला लावायचा. काकू देते आहे थोडं बांधून. हे टाचांचं औषध आहे म्हणून उर्वी हसेल, तर हसू दे. पाच दाढ्या झाल्या की पातं बदलायचं. उलटी दाढी करायचा मोह टाळायचा. हल्ली आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला येणारी सगळी पोरं दाढीवाली असतात, त्यात अर्धे हौसेने ठेवतात आणि अर्धे कंटाळ्याने, हे मला लांबून ओळखू येतं.

आता लग्नाचं. यंदा मोहोर लवकर धरायची लक्षणं आहेत. फेब्रुवारीत फवारणी सोडून बागायतदाराला हलता येत नाही. माझं येणं जमेलसं दिसत नाही. देवकाला अलोऱ्याच्या आप्पांना बसव. नात्याने माझा चुलतभाऊ, म्हणजे तुझा काकाच. विधी सगळे पाठ आहेत, आवाजही मोठा आहे. इथून आमचे आशीर्वाद आहेतच.

काका
(फवारणी काशीराम करतो. गेली सहा वर्षं तोच करतो, हे फक्त दृष्ट लागू नये म्हणून झाडावर टांगलेल्या चपलेकडे बघत बसतात. मला शपथ घातली आहे म्हणून याहून जास्त लिहीत नाही. – कमला)

ठाणे, ८ डिसेंबर २०२४

ती. काका,

आज चेष्टा नाही.

तुमचं पत्र आईने वाचलं आणि ती देवासमोर जाऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, लग्न ठाण्यात ठरवलं, रत्नागिरीला नाही, म्हणून भावजी रागावले असतील. मलाही तेच वाटतं. तसं असेल तर सरळ लिहा, मी हॉल बदलतो. उर्वीच्या घरच्यांना मी समजावीन. पण मोहोराचं कारण देऊ नका. बाबा गेले तेव्हा ऐन हंगामात, पेट्या भरायच्या सोडून तुम्ही सव्वा महिना आमच्याकडे येऊन राहिला होतात. तेव्हा बाग अडली नव्हती.

अलोऱ्याच्या आप्पांना मी आयुष्यात दोनदा भेटलोय. बाबांच्या जागी त्यांना बसलेलं मला बघवणार नाही. त्यापेक्षा ती जागा रिकामी राहू दे.

सलिल

रत्नागिरी, २१ डिसेंबर २०२४

चि. सलिल,

हे पत्र माझं एकटीचं आहे. ह्यांना ठाऊक नाही. ते खळ्यात सुपाऱ्या मोजताहेत आणि दर वेळी निराळा आकडा येतोय.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलंन, तिसऱ्यांदाही. मग जेवायला उठले नाहीत. रागावलेले नाहीत रे. ठाणं असो नाहीतर काश्मीर, तुझ्या लग्नाला चालत आले असते. लग्न ठरल्याचं आख्ख्या वाडीला सांगून झालंय, कोशाचा नवा सदरा काढून उन्हात घातलाय आणि पुन्हा घडी करून ठेवलाय. माझ्या आईची शपथ घातली आहे म्हणून कारण मला सांगता येत नाही. ती जाऊन वीस वर्षं झाली, पण शपथ ती शपथ.

एवढं मात्र सांगते. दाढीचे धडे पुन्हा वाच. मी एक अक्षर पदरचं घातलेलं नाही, रोज जसं होतं तसंच लिहिलंय. तू चुकत नाहीस आणि मीही चुकलेले नाही. कोणाला तरी समोर बसव आणि वाच.

पत्र पोचलं की उत्तर ह्यांना लिही, मला नको.

काकू

ठाणे, १ जानेवारी २०२५

ती. काका,

नव्या वर्षाची पहिली दाढी मी आज केली. माझी नव्हे, यज्ञेशची. का ते सांगतो.

रविवारी उर्वी आली होती. तिला तुमचे धडे दिले आणि म्हटलं, तू वाच, मी करतो, बघू काय चुकतंय. मी गॅलरीत उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसलो. ती समोर उभी राहून वाचायला लागली. डावा गाल, असं वाचून तिने आपल्या डाव्या हाताने माझ्या कानापाशी कातडी ताणली. तो माझा उजवा गाल होता. मान भिंतीला, असं वाचलं आणि माझी मान टेकवली. अंगठ्याने हनुवटी उचलली. अंगठा सटकला नाही आणि कोपर कोणाच्याही आड आलं नाही. मग तिच्या डाव्या बाजूला, माझ्या गळ्याच्या उजवीकडे, तिला भोवरा दिसला. ती वाचायची थांबली. म्हणाली, सलिल, हे स्वतःची दाढी करणाऱ्याचं वर्णन नाही, समोरच्याची करणाऱ्याचं आहे. अक्षर कोणाचं म्हणालास?

काका, तुमची दाढी काकू करते.

मनगट अडीच महिने लचकलेलं राहत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, गणपतीत भावजींनी चहाची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. हात थरथरतो ना तुमचा? आणि म्हणून देवक नको. पळीतलं पाणी सांडेल आणि मांडवभर माणसं बघतील. मोहोर काय, फवारणी काय, एवढ्या थापा पोस्टमास्तराला शोभत नाहीत. मी तुमच्यावर रागावलो होतो याची मला लाज वाटते, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत याचा अजून राग आहे. दोन्ही आहे.

काकूने शपथ मोडलेली नाही. ती तर सुरुवातीपासून सगळं लिहीत होती आणि तुम्ही मान्य करत होतात.

आता माझं ऐका. तुमच्या कृपेने मला स्वतःची दाढी तीन महिन्यांत आली नाही, पण समोरच्याची मस्त येते. यज्ञेशची तीनदा केली, एकही ओरखडा नाही. भोवरा नाही बिचाऱ्याला, पण हनुवटीला खड्डा आहे, तोही सांभाळला. डावं-उजवं उलटं धरून माझी स्वतःचीही परवापासून जमायला लागली आहे. लग्नाच्या सकाळी आधी तुमची करीन, बाबांच्या रेझरने, आणि मग माझी. तुम्ही फक्त दोन मिनिटं गप्प बसायचं.

आणि देवकाचं मी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, यजमान हातात पळी घेतात तेव्हा पत्नीने त्यांच्या हाताला हात लावून बसायचं असतं, आधीपासून शेवटपर्यंत. काका, शास्त्रातच सोय आहे. काकूचा हात तुमच्या हातावर असेल, तो तिने जरा घट्ट धरला तर कोणाच्या बापाला कळणार नाही. आणि थोडं पाणी सांडलंच तर सांडू दे. माझ्या लग्नात सांडणार आहे, दुसऱ्याच्या नाही.

मी चोवीसला रात्रीच्या गाडीने निघतो, पंचवीसला सकाळी घरी. तुम्हा दोघांना घेऊनच परत येणार आहे. बागेला काशीराम आहे.

सलिल

रत्नागिरी, १४ जानेवारी २०२५

चि. सलिल,

हे अक्षर माझं. तीन दिवस थोडं थोडं लिहितोय, ओळी खालीवर गेल्या आहेत, समजून घे. काकूला सांगितलंय की हे पत्र वाचायचं नाही आणि कंसही घालायचा नाही.

उर्वी हुशार आहे हे मी फोटोवरून लिहिलं होतं, आठवतं का? एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

हात गेल्या पावसाळ्यापासून थरथरतो. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळ्या चालू आहेत. एक दिवस गळ्याला बरंच कापलं. तुझ्या काकूने रेझर माझ्या हातातून काढून घेतलान, समोर स्टूल ओढून बसली आणि राहिलेली दाढी पुरी केलीन. मी फार खजील झालो होतो. सत्तावन्न वर्षांत त्या कामात मला कोणाची गरज लागली नव्हती. तिने लिहिलेला धडा मी मान्य केला तेव्हा डावं कोणाचं आणि उजवं कोणाचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोळे मिटून असतो ना मी.

आता एक ऐक, हे मी तुझ्या काकूलाही कधी सांगितलेलं नाही. तो रेझर माझा. तुझा बाप अनंता सतरा वर्षांचा झाला आणि मुंबईला नोकरीला निघाला, त्याला ओठावर लव आली होती, ती काढायचं धैर्य होईना. मी त्याला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि समोर बसून त्याची पहिली दाढी केली. दुसऱ्याच्या गळ्यावर पातं ठेवायची माझी ती पहिलीच वेळ. तेव्हाही हात थरथरत होता, भीतीने. त्याला ते कळत होतं. तरी तुझा बाप डोळे मिटून बसला. मग मी तो रेझर त्यालाच देऊन टाकला, आणि संगमेश्वरपर्यंत एसटीत तो गालावरून हात फिरवत होता असं बरोबर गेलेला रामा सांगायचा. अनंता फार लवकर गेला. त्याने तुला शिकवायचं राहून गेलं ते मी शिकवायला हवं होतं, मला सुचलं नाही. मी नुसते आंबे पाठवत राहिलो.

तेव्हा ये पंचवीसला. मी डोळे मिटून बसेन. देवकालाही बसेन. पळी मी धरतो, मला तिने धरावं. अलोऱ्याच्या आप्पांना मी कळवलं आहे, त्यांना जरा वाईट वाटलं, त्यांनी आवाज तयार ठेवला होता.

येताना पातं नवं आण. आणि दाबू नकोस.

काका

ता. क. पाकिटाला तिकीट मी स्वतः लावलंय. तिरकं लागलंय. पोचायला हरकत नाही.